मॅक्रिना आजीची शिदोरी

ख्रिस्तसभेच्या इतिहासात महागुरूंची, धर्मपरिषदांची व पाखंडांची नोंद सविस्तर सापडते. नातवंडांना वाढविणाऱ्या आज्यांच्या वाट्याला मात्र एखादी ओळच येते. संत पौलाने तीमथ्याच्या आजीचा, लोईसचा, असाच ओझरता उल्लेख केला आहे. चौथ्या शतकातील संत मॅक्रिना थोरली हिच्याविषयी आपल्याला थोडे अधिक ठाऊक आहे, तेही तिच्या नातवाच्या लेखणीमुळे.

मॅक्रिना ही पोंतस प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागातील, नवकैसरिया नगरची. चौथ्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा ती व तिचे पती घरदार सोडून डोंगरातील अरण्यात आश्रयाला गेले. हा वनवास सुमारे ७ वर्षे चालला आणि शिकारीवर त्यांनी गुजराण केली, असे संत ग्रेगरी नाझियानझेन यांनी नमूद केले आहे. ऐन उमेदीची वर्षे अशी गेलेल्या या स्त्रीवर उतारवयात नातवंडांच्या संगोपनाची जबाबदारी आली. सुमारे ३३० साली जन्मलेला बेसिल त्यांपैकी एक. नवकैसरियाचे आद्य महागुरू ग्रेगरी हे २७० च्या सुमारास निवर्तले होते. लोकांच्या स्मरणात जपली गेलेली त्यांची वचने मॅक्रिनाने या नातवाला शिकविली.

या शिकवणीचे मोल पुढे दिसून आले. ३७५ च्या सुमारास नवकैसरियाच्या लोकांनी महागुरू बेसिल यांच्या श्रद्धेविषयी शंका घेतली. अथेन्समध्ये विद्या संपादन केलेल्या या पंडिताने उत्तरादाखल आजीचा दाखला दिला. आपली श्रद्धा नवी नाही, ती मॅक्रिनाकडून बाळपणीच लाभली आहे, असे त्यांनी कळविले. दुसऱ्या एका पत्रात ते सांगतात, की आई व आजीकडून मिळालेली देवाविषयीची कल्पना वयाबरोबर वाढली, बदलली मात्र नाही. बेसिलप्रमाणेच त्यांची बहीण धाकटी मॅक्रिना, तसेच न्यिसाचे ग्रेगरी व सेबास्तेचे पीटर हे बंधू संतपदाला पोहोचले.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बेसिल आई व आजी या दोघींचे ऋण मानतात. संत पौलही लोईसच्या जोडीला तीमथ्याची आई युनीके हिचे नाव घेतो. आजीने आईचे काम हिरावून घेतले नाही, आणि आईने ते सर्वस्वी आजीवर टाकले नाही.

आज आपल्या धर्मग्रामांत सून व मुलगा पहाटेची लोकल पकडतात आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आजी दिवसभर नातवंडांमागे धावते. तिला त्यात आनंद आहे, हे खरे. नातवंडांच्या सहवासात तिचे एकाकीपण सरते, तिच्या तोंडच्या प्रार्थना पुढच्या पिढीच्या ओठी रुळतात. परंतु तिचा थकवाही तितकाच खरा आहे. मुलाला शिस्त लावली तर सुनेची नाराजी, न लावली तर लाडावल्याचा ठपका, असे दुहेरी दुखणे अनेक आज्या मुकाट्याने सोसतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबा व वृद्ध यांच्यासाठी जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी आजीला फुले अवश्य द्यावीत. मात्र त्याआधी तिच्यासोबत बसून, संगोपनाचा किती भार तिला झेपेल हे तिलाच विचारावे आणि उरलेला भार आईबापांनी उचलावा, असे आमचे सांगणे आहे.