उदरावरणीय डायालिसिसची द्रावणे आणि मधुमेही रुग्ण : एक ऐतिहासिक विवेचन

मुंबईच्या उपनगरांचा वैद्यकीय इतिहास हा पुष्कळ अंशी प्रवासाचा इतिहास आहे. अंधेरी व घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. पुढे उपनगरांतही रुग्णालये झाली. तथापि गुंतागुंतीच्या विकारासाठी परळच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे (स्थापना १९२६) धाव घेण्याची वहिवाट दीर्घकाळ टिकली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला यंत्रावरील डायालिसिससाठी आठवड्यातून सामान्यतः तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, केंद्रात जावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व लोकलगाड्या थांबल्या. मार्च २०२० मध्ये त्या पुन्हा थांबल्या. घरच्या घरी पोटातून करावयाच्या डायालिसिसचे मोल अशा प्रसंगी ध्यानात येते. भारतात ही पद्धती १९९१ पासून रूढ होऊ लागली. परंतु मधुमेहामुळेच ज्याची मूत्रपिंडे गेली, त्याच्या पोटात कोणते द्रावण सोडावे, हा प्रश्न तिच्याबरोबरच आला. त्याचे मूळ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

इ. स. १९२३ मध्ये जर्मन वैद्य गेओर्ग गांटर यांनी या उपचाराचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी साधे क्षारजल वापरले होते. उदरावरणातून रक्तातील त्याज्य द्रव्ये द्रावणात उतरतात, हे त्यावरून दिसले. परंतु अंगात साचलेले पाणी बाहेर ओढावयाचे, तर द्रावण रक्ताहून अधिक तीव्र असावे लागते. त्यासाठी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, निवडण्यात आली. ती स्वस्त होती, विपुल होती आणि शरीराला परिचित होती. १९५९ साली मॅक्सवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार द्रावणाच्या बाटल्यांवर आधारलेली सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. १९६८ साली टेंकहॉफ यांची कायम ठेवता येणारी नळी आली. आणि १९७६ नंतर पोपोविच व मॉन्क्रीफ यांनी दिवसभर पोटात द्रावण ठेवण्याची पद्धती सिद्ध केली. साधने बदलली, शर्करा मात्र तीच राहिली.

तिचा हिशेब मांडून पाहावा. दीड टक्का द्रावणाच्या दोन लिटरच्या पिशवीत ३० ग्रॅम शर्करा असते. दिवसाला चार पिशव्या धरल्यास १२० ग्रॅम. सव्वाचार टक्के द्रावणाच्या एकाच पिशवीत ८५ ग्रॅम असते. यांतील बराच भाग रक्तात शोषला जातो. म्हणजे ताटातील साखर मोजून खाणाऱ्या रुग्णाला ती पोटाच्या वाटेने मिळते. शिवाय द्रावण उष्णतेने निर्जंतुक करताना शर्करेचे विघटन होते. हे विघटन आटोक्यात राहावे म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवावे लागे. दीर्घकाळात विघटित द्रव्ये व शर्करा या दोहोंचा उदरावरणावर अनिष्ट परिणाम होतो. पुढे दोन कप्प्यांच्या पिशव्या निघाल्या त्या याच कारणाने.

शर्करेला पर्याय म्हणून आयकोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेले द्रव्य पुढे आले. त्याचे मोठे रेणू सावकाश शोषले जात असल्याने ते अनेक तास पाणी ओढत राहते. मिस्त्री, गोकल व पीअर्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रात्रीच्या आठ तासांत त्याने सौम्य ग्लुकोज-द्रावणाच्या साडेतीनपट पाणी काढल्याचे आढळले. परंतु ते महाग असून सामान्यतः दिवसातून एकदाच वापरतात. त्यातून निर्माण होणाऱ्या माल्टोजमुळे काही प्रकारची साखर मोजण्याची यंत्रे खोटा चढा आकडा दाखवितात. तो खरा मानून इन्सुलिन वाढविल्यास प्राणावर बेतते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली याविषयी इशारा दिला होता.

येथवरच्या इतिहासावरून, शर्करा जितकी कमी तितके बरे, असा निष्कर्ष कोणीही काढील. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन संलग्न चाचण्यांनी त्याला मुरड घातली. २५१ मधुमेही रुग्णांपैकी ज्यांना कमी शर्करेची द्रावणे दिली, त्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा निर्देशांक सुमारे अर्ध्या टक्क्याने सुधारला; परंतु मृत्यू व गंभीर दुष्परिणाम त्याच गटात अधिक झाले. त्यांतील काही अंगात पाणी साचण्याशी निगडित होते. द्रावणाचे पहिले काम पाणी काढणे हे आहे. साखरेचा आकडा सुधारताना त्याचा विसर पडला, तर उपायच अपाय ठरतो.

म्हणून निवड करताना प्रथम रुग्णाचे वजन, सूज, रक्तदाब व शिल्लक राहिलेली लघवी पाहावी, आणि मग साखर. पाणी निघत असेल तर सौम्य पिशवी. रात्रीच्या दीर्घ मुक्कामासाठी, परवडत असल्यास, आयकोडेक्स्ट्रिन. आणि तीव्र पिशवी गरजेपुरतीच. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठ कमी केल्यास तहान व सूज आवरते आणि तीव्र पिशवी टळू शकते. हा उपाय सर्वांत स्वस्त, तरीही बहुधा सर्वांत शेवटी आठवतो. राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि घरच्या डायालिसिससाठी त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली आली. त्यामुळे पिशवी मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आखला गेला आहे. परंतु तीत काय असावे, हे एकदा लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून ठरत नाही. ते त्या त्या दिवशीच्या वजनकाट्यावरून व पायावरच्या सुजेवरून ठरवावे लागते, आणि ते पाहण्याची दृष्टी रुग्णाला व त्याच्या घरच्यांना शिकविणे हा उपचाराचाच भाग होय.