महाराष्ट्रातील लोकखेळ : नियमबद्धतेचा इतिहास आणि सांस्कृतिक महत्त्व (विशेष संदर्भ : वसई-विरार परिसर)

प्रस्तावना

राजकीय इतिहासाच्या साधनांत लोकखेळांना क्वचितच स्थान मिळते. संतसाहित्याने मात्र त्यांची दखल घेतली आहे. एकनाथ व तुकाराम यांच्या रचनांत फुगडी, टिपरी, विटीदांडू ही अध्यात्माची रूपके होऊन येतात. विसाव्या शतकात यांतील काही खेळांना लिखित नियम व मैदाने लाभली. उरलेले अंगणात आणि सणावारांतच राहिले. ही विभागणी कशी झाली व तिचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नियमबद्धतेची प्रक्रिया

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली व १९१४ च्या सुमारास तेथे खो-खोचे नियम तयार करण्यात आले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले. स्वदेशीच्या भावनेने भारलेल्या त्या काळात देशी खेळांना पाश्चात्त्य खेळांच्या तोडीचे शास्त्र मिळवून देण्याची आकांक्षा या प्रयत्नांमागे होती.

या प्रक्रियेत निवड अपरिहार्य होती. हुतूतूचे संजीवनी, गामिनी व अमर असे प्रकार प्रचलित होते. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत तो डाव संपेपर्यंत बाहेर राहतो, तर अमरमध्ये कोणीच मैदान सोडत नाही. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीवर आधारलेली आहे. या खेळाचे प्रात्यक्षिक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने घडविले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो अधिकृतपणे समाविष्ट झाला. खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली व तीत भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. नियमबद्धतेचे हे यश निर्विवाद आहे.

भाषेत उरलेले खेळ

आट्यापाट्यांनाही नियम व स्पर्धा लाभल्या, तथापि खो-खो वा कबड्डीइतका प्रसार त्यांना लाभला नाही. पाट्या ओलांडून परतणारा गडी ‘लोण’ आणतो, ही या खेळाची परिभाषा. चळवळीचे ‘लोण’ गावोगावी पोहोचले, असे लिहिताना या खेळाचे स्मरण फारसे कोणास होत नाही. ‘खो घालणे’ हा वाक्प्रचारही असाच मैदानातून भाषेत आला. ‘लोण’ या शब्दाचा दुसरा अर्थ मीठ. या साधर्म्यावरून खेळाचा उगम सिद्ध होत नाही. परंतु आडव्या-उभ्या बांधांची मिठागरे पाहिलेल्या वसईकरांना आट्यापाट्यांची आखणी परिचयाची वाटेल.

स्त्रियांचे खेळ

जिमखान्यांच्या नियमपुस्तिकांत फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा यांना स्थान नव्हते. श्रावणातील मंगळागौरीचे जागरण आणि भाद्रपदातील गौरी-गणपती ही त्यांची निमित्ते होती. त्यांत हार-जीत गौण असे. सासरचा जाच, माहेरची ओढ, नणंद-भावजयीची कुरबुर एरवी न बोलता येणाऱ्या शब्दांत गाण्यांतून व्यक्त होई. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संकलनकार्यामुळे यांतील मोठा ठेवा अक्षरबद्ध झाला. आज हे खेळ रंगमंचावर व स्पर्धांत सादर होतात. खेळणारी आणि पाहणारी यांच्यात पूर्वी नसलेले अंतर त्यामुळे निर्माण झाले आहे.

वसई-विरार परिसर

वाड्या, मिठागरे व कोळीवाडे यांनी घडलेल्या या परिसरात २००९ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, तर २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाढत्या नागरीकरणात खळी व अंगणे कमी झाली. सामवेदी, वाडवळी, कोळी व वारली बोलणाऱ्या समाजांत खेळांची नावे, राज्य ठरविण्याची गाणी आणि तक्रार मिटविण्याचे संकेत मौखिक परंपरेनेच पुढे जात. पंचाविना खेळणारी मुले तंटा आपसात सोडवीत. सामाजिक शिक्षणाचा हा भाग छापील नियमांत उतरत नाही.

समारोप

कंबोडिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स व दक्षिण कोरिया या देशांतील रस्सीखेचीच्या विधी व खेळांना युनेस्कोने २०१५ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे खेळासोबत त्याचा कृषिजीवनाशी असलेला संबंधही वारसा मानला गेला. महाराष्ट्रात नियमबद्धतेने खेळ वाचविला, परंतु त्याचे निमित्त, गाणे व बोली मागे राहिली. ती जाणणारी पिढी आज वृद्ध आहे. इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्याच घरांतील आजी-आजोबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास हे साधन हाती राहील. ते काम पुढील पिढीवर सोपविता येणार नाही.