अडलेली गाय आणि शेपटीतली सुई

आमच्या लहानपणी बैलाचे शिंग कापायचे म्हणजे दावी आणायची, चार गडी बोलवायचे आणि बैल पाडायचा. मुके जनावर, ओरडून ओरडून किती ओरडणार! त्याला भूल देता येते हे गावात कुणाला ठाऊकच नव्हते.

गंमत म्हणजे बधिर करण्याच्या औषधाचा पहिला अनुभव प्राण्यांनीच घेतला. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब आधी बेडूक, ससा, कुत्रा यांच्या डोळ्यांत घातले, मग स्वतःच्या. माणसांच्या शस्त्रक्रिया त्यामुळे सोप्या झाल्या. गाईची पाळी यायला मात्र बराच काळ गेला. 1926 साली त्याच व्हिएन्नातल्या फ्रांझ बेनेश यांनी गाईला शेपटीच्या मुळाशी सुई देऊन भूल देण्याची पद्धत मांडली.

ही युक्ती मला फार आवडते. शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वरखाली हलवायची. मुळाशी दोन मणक्यांमध्ये खळगा लागतो, तिथे सुई. ती योग्य जागी गेली की सुईच्या तोंडावर ठेवलेला औषधाचा थेंब आपोआप आत ओढला जातो. पाच-सहा मिलीलिटर औषध पुरते. थोड्याच वेळात शेपटी लुळी पडते, पण गाय उभीच! औषध जास्त झाले तर मात्र मागचे पाय जातात आणि ती बसते.

उभी राहण्याचे महत्त्व रवंथ करणाऱ्या जनावरालाच. पूर्ण भूल देऊन आडवे केले की पोट फुगते, पोटातले तोंडाशी येऊन श्वासनळीत जाण्याची भीती असते. शिवाय गाय अडली की ती सारखी जोर करते. मग आडवे आलेले वासरू मागे ढकलून सरळ करणार कसे? या सुईने तो जोर थांबतो. बाहेर आलेले अंगही आत बसवता येते.

आपल्याकडे बैलांना शिंगाचा कर्करोग बराच होतो. त्यासाठी डोळा आणि शिंग यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली सुई देतात. 1943 साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी शोधलेले लिग्नोकेन आजही त्यासाठी वापरतात. दातांच्या डॉक्टरकडे आपल्या हिरडीत टोचतात, तेच हे!