मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर की स्पूल?

लोणी काळभोरच्या उसाच्या पट्ट्यात याचे निम्मे उत्तर ट्रॅक्टरचालकांना आधीच ठाऊक असते. ओल्या काळ्या मातीत ट्रॉली ओढताना एक चाक जागच्या जागी फिरू लागले, की चालक पायाजवळचे डिफ लॉकचे पेडल दाबतो. दोन्ही मोठी चाके एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पेडल दाबलेले असताना वळायचे नाही, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसा प्रयत्न केला तर ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनातल्या एका वळणात हा फरक सुमारे २.३५ मीटर पडतो. तो सांभाळण्यासाठी डिफरन्शियल असते. त्याची अडचण अशी की ते दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देते. चिखलातले चाक २०० न्यूटन-मीटरलाच घसरत असेल, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही साधारण तेवढाच जोर मिळतो. इंजिन कितीही दमदार असले तरी गाडी हलत नाही.

लॉकर ही जोडी गरजेपुरती एकजीव करतो. पुण्यातल्या आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या २०२१ च्या गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लिव्हरने लागणारे लॉक कंपनीनेच दिले. थार रॉक्सच्या फोर-बाय-फोर गाडीत मागचे लॉक विजेवर चालते. बाहेरून बसवायच्या प्रकारांत हवेच्या दाबावर चालणारे एअर लॉकर प्रसिद्ध आहेत. त्यांना कॉम्प्रेसर, नळ्या आणि वायरिंग लागते. कुठे हवा गळली तर नेमक्या वेळी लॉक लागत नाही. डेट्रॉइट लॉकरसारखे स्वयंचलित प्रकार वळणात बाहेरच्या चाकाला मोकळे सोडतात. त्यात बटण नाही, पण खटखट आवाज येतो, आणि आखूड गाडी वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना झटका देते.

स्पूलमध्ये सोडण्याची सोयच नाही. डिफरन्शियलच्या जागी एक भरीव तुकडा बसतो आणि दोन्ही चाके कायमची बांधली जातात. आतले नुसते गियर काढून त्यांच्या जागी ठोकळा बसवला तर तो मिनी-स्पूल. हलणारे भाग नसल्याने स्पूल स्वस्त, हलका आणि भक्कम असतो. ड्रॅग रेस किंवा दगडांवर चढणाऱ्या स्पर्धेच्या गाडीला तो शोभतो. डांबरावर मात्र प्रत्येक वळणात एक टायर खरवडला जातो, हाफ शाफ्टला पीळ बसतो, वळण मोठे घ्यावे लागते.

खरा धोका पावसात. दिवे घाटातल्या ओल्या वळणावर मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात. पकड सुटली की दोन्हींची एकदम सुटते आणि गाडीची शेपूट बाहेर जाते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असते, त्यामुळे तिला हे लवकर भोवते. गियर वेल्डिंग करून एकजीव करण्याचा ‘देशी’ उपाय त्याहून वाईट. वेल्डला तडा गेला तर तुकडा क्राउन व्हील आणि पिनियनमध्ये अडकून चालत्या गाडीची मागची चाके जाम होऊ शकतात.

त्यामुळे नोंदणी असलेल्या, आठवडाभर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला स्पूल नकोच. तिला चालकाच्या हातात राहणारा लॉकर हवा. ट्रेलरवर लादूनच मैदानापर्यंत जाणाऱ्या गाडीला स्पूल चालेल, आणि वाचलेले पैसे मजबूत हाफ शाफ्टवर घालवावेत. लॉकर असो की स्पूल, एक चाक हवेत गेले की सगळा जोर दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर येतो आणि मूळचा शाफ्ट तिथेच तुटतो.

लॉकर वापरण्याची वेळही महत्त्वाची. चाक गरगरा फिरत असताना लॉक लावू नये. चिखल दिसताच, गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना तो लावावा आणि पक्का रस्ता लागण्याआधी सोडावा. सोडल्यावरही दिवा विझत नसेल, तर दात पिळात अडकलेले असतात. गाडी थोडी मागे-पुढे सरळ हलवली की सुटतात.