‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा खटला : कबुली देण्याआधी
वस्तीतला तरुण नाकाबंदीत सापडला की त्याला सल्ला मिळतो, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” आम्ही सांगतो, आधी वकिलाला भेटा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आजची कबुली तेव्हा पहिला गुन्हा म्हणून मोजली जाते.

बचावात हे पाहावे : श्वासचाचणीचा किंवा रक्ततपासणीचा अहवाल आहे का? गाडी आरोपीच चालवत होता का? अटक झाली असेल तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का? नुसता तोंडाचा वास आणि अडखळती चाल पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली म्हटले आहे. मात्र चाचणीला विनाकारण नकार देऊ नये. कलम २०५ नुसार तो आरोपीच्या विरोधात धरला जाऊ शकतो.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि कोठडीतील कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा हक्क आहे. जातीचा दाखला सोबत ठेवावा.

आम्ही दारूची पाठराखण करत नाही. पिऊन गाडी चालवणारा पाचवे शील मोडतोच, शिवाय दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. चूक झाली असेल तर ती मान्य करावी. पण कायदा न समजता, घाबरून कबुली देऊ नये.

जय भीम!