मुंबई ते कोलकाता, नागपूरमार्गे

मुंबई आणि कोलकाता यांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. आज विमानाला त्यासाठी पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रवास दिवसांत मोजला जाई.

मार्च १८७० मध्ये अलाहाबादहून आलेला लोहमार्ग जबलपूरला मुंबईच्या मार्गाशी जोडला गेला आणि मुंबई व कोलकाता ही शहरे प्रथमच रेल्वेने सांधली गेली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या फिलिअस फॉगने ऐंशी दिवसांच्या आपल्या जगप्रवासाच्या वेळापत्रकात या टप्प्याला तीन दिवस धरले होते. पण हा मार्ग उत्तरेकडून मोठा वळसा घालून जाई. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूरहून पूर्वेकडे रूळ नेले आणि १९०० मध्ये खरगपूरमार्गे कोलकात्यालगतचे हावडा गाठले. त्यामुळे सुमारे दोनशे किलोमीटर वाचले. आजही नागपूरमार्गे मुंबई ते हावडा हे अंतर १,९६८ किलोमीटर भरते.

त्या काळी प्रवासाचा वेळ मोजणे सोपे नव्हते. दोन्ही शहरांची घड्याळे आपापल्या सूर्यावर चालत आणि त्यांत एक तास दोन मिनिटांचा फरक होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही.

हवाई प्रवासातही नागपूर मधोमध आले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास येथून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात चढत, प्रवासीही विमान बदलत आणि चारही विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कोलकात्याच्या दमदम विमानतळावर पोहोचू लागले. त्याच वर्षी एप्रिलपासून जादा आकार न घेता साधी पत्रेही विमानाने जाऊ लागली. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याची ही कामगिरी फार मोलाची होती. नागपूरची निवड नकाशावर नजर टाकताच पटते, कारण ते चारही महानगरांच्या साधारण मधोमध आहे.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जेट आले. जेटमुळे मोठी शहरे थेट जोडणे सोयीचे झाले. १९७० च्या दशकात नागपूरचा मध्यरात्रीचा मेळा संपला. रेल्वेनेही वेग वाढवला. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस हा प्रवास आता तीस तासांच्या आसपास करते.

विमानाचा वेळ दोन्ही दिशांना सारखा नसतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात, म्हणून मुंबईहून कोलकात्याला जाताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परतीला पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात.