उस्तादाचा हात, सरकारचा शिक्का

माझ्या मामूंनी चाळीस वर्षं वायरिंगचं काम केलं. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत त्यांनीच ओढलेल्या तारा आहेत. त्यांच्याकडे एकेकाळी तारतंत्रीचा सरकारी परवाना होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. परीक्षा देऊन मिळवलेला, फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला. मग मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज मराठीत होता आणि मामूंचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. दाखल्यावर नाव एक, परवान्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. कचेरीत दोन फेऱ्या झाल्या. तिसरी झालीच नाही.

त्यानंतर ते दुसऱ्याच्या परवान्याखाली राबले. "हाथ मेरा, दस्तखत उसके," असं हसून म्हणायचे. नवीन वीजजोडणी घ्यायची तर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. काम मामू करायचे, रिपोर्टवर सही दुसऱ्याची व्हायची आणि सहीवाला माणूस बहुतेक वेळा ते घर पाहतही नसे. मजुरीतला मोठा वाटा मात्र सहीला जायचा.

हा परवाना आला कुठून? आपल्याकडे अनेकांना वाटतं, ही गरिबाला अडवण्याची सरकारी युक्ती. इतिहास वेगळं सांगतो.

विजेचे दिवे आले तेव्हा आगीची भीतीही सोबत आली. 1882 मध्ये लंडनच्या टेलिग्राफ इंजिनिअरांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम छापले. हिंदुस्थानात 1887 साली विजेचा पहिला कायदा झाला. तेव्हा देशात सार्वजनिक वीजपुरवठा जवळजवळ नव्हता. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग वीजकेंद्र सुरू झालं 1897 मध्ये, कलकत्त्याला वीज मिळू लागली 1899 मध्ये. म्हणजे दिवे लागण्याआधीच कायदा आला, आणि त्याचा उद्देश होता विजेपासून माणसाच्या जिवाचं व मालमत्तेचं रक्षण. पुढे 1903 आणि 1910 चे कायदे आले. मुंबईत 1907 मध्ये विजेवरची ट्राम धावली, 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, गिरण्या विजेवर फिरू लागल्या. विजेसोबत धोकाही पसरला.

स्वातंत्र्यानंतर 1956 चे भारतीय वीज नियम आले. त्यातला 45 वा नियम आमच्या मामूंच्या पोटाशी थेट जोडलेला. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावं आणि ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावं, असा त्याचा आशय. बल्ब बदलणं, फ्यूज बसवणं अशी किरकोळ कामं त्यातून वगळलेली. 2003 चा वीज कायदा आला, 2010 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, 2023 मध्ये ते बदलून नवे आले. पण गाभा तोच राहिला. आपल्या राज्यात आजही तारतंत्री, पर्यवेक्षक आणि कंत्राटदार अशा पायऱ्या आहेत.

परवान्याची ही कल्पना इंग्रजांनीच आणली असंही नाही. इस्लामी इतिहासात तिची मुळं फार जुनी आहेत. बाजारातली मापं, भेसळ, कारागिरांचं काम यांवर नजर ठेवायला मुहतसिब नावाचा अधिकारी असे. इसवी सन 931 मध्ये बगदादला एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. खलिफा अल-मुक्तदिर यांनी हुकूम काढला, की सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये. त्या वेळी एका बगदादमध्ये 860 हून अधिक जणांची परीक्षा झाल्याची नोंद आहे.

त्यातली एक गोष्ट अल-किफ्ती यांच्या चरित्रकोशात येते. एक वृद्ध वैद्य सिनानसमोर आला. त्याने प्रांजळपणे सांगितलं, की मला नीट लिहिता-वाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालतं, ते बंद करू नका. सिनान हसले. त्यांनी त्याला परवानगी दिली, पण अटीवर. जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, साध्या आजारांपलीकडे रक्त काढणं किंवा जुलाब देणं नाही. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कुणाकडे शिकलास, असं विचारल्यावर त्याने त्याच म्हाताऱ्या बापाचं नाव सांगितलं. त्यालाही तीच मर्यादा घालून सोडलं.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. सिनानने लिहिता न येणाऱ्या अनुभवी हाताला हाकलून दिलं नाही आणि मोकाट सोडलंही नाही. आपल्याकडे मात्र दार अर्धं बंद आहे आणि खिडकीतून सही विकली जाते. सही विकली की कायद्याचा सगळा हेतूच मरतो. अर्थिंग तपासलं का, मेगरने इन्सुलेशन मोजलं का, हे विचारणारा माणूस त्या घरात आलेलाच नसतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावणाऱ्या पोराला कागदावरची सही वाचवत नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिलं, की मुस्लीम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं आहे. आपली पोरं हुनर उस्तादाकडून शिकतात, कागदाकडे पाठ फिरवतात. आपल्याच परंपरेत मात्र सनद आणि इजाजत यांना केवढी किंमत होती! हदीस शिकवायलाही उस्तादाची इजाजत घेणारे लोक आपण.

आता माझी कबुली. मी वर्गात मुलांना मराठीत अर्जलेखन शिकवतो. त्याचे गुण देतो. मामूंचा तो अर्ज घेऊन मात्र मी कधी बसलो नाही. त्यांनी मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी एका नव्या इमारतीच्या कामाला परवाना मागितला, तेव्हा चाळीस वर्षांचा हा कारागीर दारातूनच परत आला.

त्यांचा नातू आयटीआयमध्ये वीजतंत्रीचं शिकतोय. परवा त्याला घेऊन बसलो. दाखला, आधार, गुणपत्रिका समोर ठेवल्या आणि नावाचं एकेक अक्षर जुळवलं. एका ठिकाणी चुकलेलं निघालं, ते दुरुस्त करायला दिलं. परवाना मिळेल तेव्हा त्याच्या मुदतीची तारीख घराच्या भिंतीवर लिहायची, असं ठरलंय. मामू बाजूला बसून पाहत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बेटा, दस्तखत अपने रखना."